बिनटाचेची काठी

“ही कोणाची?”

हा प्रश्न धाकट्याने किती जणांना विचारला, त्याची मोजदाद नाही. दारात उभं राहून विचारला, जिन्यात गाठून विचारला, भर सभेत ओरडून विचारला. उत्तर कोणी दिलं नाही. ज्यांना माहीत नव्हतं ते काय देणार? पण ज्यांना कळलं होतं त्यांनीही दिलं नाही. आणि पहिल्या दिवसापासून जिला ठाऊक होतं ती मी. पण मला तोंड नव्हतं. खरंच नव्हतं. दादाने माझ्या मुंडीवर काही कोरलंच नव्हतं.

मी एक काठी. चालताना टेकायची. आज मला तोंड नसलं तरी एक आकार आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म झाडाचा, पण बालपण खोक्यात गेलं. मोठमोठी यंत्रं परगावी धाडायला लाकडी खोकी लागतात, त्या खोक्यांच्या कारखान्यात दादा खिळे ठोकायचा. ज्या पट्टीला गाठ निघाली ती खोक्याला चालत नसे. अशा नापास पट्ट्या दादा मुकादमाला विचारून घरी आणायचा. मला कमरेशी एक गाठ आहे. ती नसती तर आज मी एखाद्या गोदामात कुजत पडले असते. म्हणून सांगते, अंगातल्या खोडीला फार नावं ठेवू नयेत.

दादा म्हणजे थोरला भाऊ. त्याच्याबरोबर धाकटा. दोघं घर सोडून या लांबच्या गावात कामाला आले होते. एका धुलाईच्या दुकानामागे त्यांनी एक खोली आणि तिला लागून एक पडवीवजा जागा भाड्याने घेतली होती. खोलीत दोन खाटा, एक नळ, एक शेगडी. पडवीत दादाचं बाक, करवत, रंधा आणि भुसा. भिंतीतून धुलाईवाल्यांच्या गरम पाण्याची नळी जायची, त्यामुळे थंडीतही लाकूड कोरडं राहायचं. खोली आणि पडवी यांच्यामध्ये एक दार, आणि दाराला वीतभर उंचीचा उंबरा. या उंबऱ्याचं पुढे सांगायचंय.

आपली भाषा बोलणारी शंभरेक घरं त्या गावात होती. मुलं-सुना कामावर, आणि त्यांनी हौसेने आणलेले आई-वडील दिवसभर खिडकीत. बाहेर पडावं तर रस्ता उताराचा, सकाळी दव गोठून काच झालेला. काठी हवी हे सगळ्यांना कळत होतं. पण काठी घेतली की माणूस म्हातारा. आणि दुकानातल्या काठ्या करड्या, थंडगार, हातात धरली की दवाखान्याचा वास यावा अशा.

दादाला एक युक्ती सापडली होती. काठी नको म्हणणाऱ्याला तो काठी द्यायचाच नाही, चेष्टा द्यायचा.

जन्मभर नळ दुरुस्त केलेले एक आजोबा होते. त्यांच्या काठीला दादाने लाकडी नळाची मूठ बसवली, आणि नळाची चावी खरंच फिरायची. आजोबा बाहेर पडले की पोरं चावी फिरवून म्हणायची, “आजोबा, पाणी गेलंय!” आजोबा म्हणायचे, “बिल भरा आधी.” जन्मभर बस चालवलेल्या अण्णांच्या काठीला रबरी फुग्याचा भोंगा. गणिताच्या बाईंच्या काठीवर पायापासून मुठीपर्यंत इंचांच्या खुणा. शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या काठीला सुईच्या नेढ्याची मूठ, त्या नेढ्यात त्या घराच्या किल्ल्या अडकवायच्या. मग रस्त्यात भेटणारा माणूस “गुडघा कसा आहे?” असं विचारायचा नाही. “भोंगा वाजतो का हो?” असं विचारायचा. म्हाताऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

पण पहिल्या सात काठ्या चुकल्या.

माप घ्यायची दादाची रीत अशी: माणसाला दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभं करायचं, हात मोकळा सोडायला सांगायचा आणि मनगटाच्या वळीपाशी चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढायची. जमिनीपासून त्या रेघेपर्यंत काठी. माप चोख. पण आपली माणसं! दारात आली की आधी पायातले बूट काढणार. कोणाला सांगावं लागत नाही. सगळ्यांची मापं अनवाणी पायांची झाली, आणि चालायचं होतं जाड तळाचे बूट घालून. काठ्या दोन बोटं आखूड पडल्या. नळवाले आजोबा आठवडाभर असे वाकून चालत होते, की लोक विचारायचे, “काय हरवलंय?”

दादा कपाळावर हात मारून हसला. मग म्हणाला, “मापाला उद्यापासून बूट घालून उभे राहा.” कोणी राहीना. “घरात? बूट घालून? तुझ्या आईने पाहिलं तर काय म्हणेल?” म्हणून मावशी त्यालाच रागावल्या. शेवटी दादाने माणसांपुढे हात टेकले आणि काठ्यांना टाचा लावल्या. काळसर लाकडाची दोन बोटं उंच चकती, सांध्यावर पितळेचं कडं, आणि खाली घसरू नये म्हणून रबरी टोपी, म्हणजे काठीचा बूट. तेव्हापासून दादाच्या प्रत्येक काठीला टाच असते. कुठेही दिसली तरी ओळखावी.

मला ती नव्हती.

चौकटीवर प्रत्येक रेघेशेजारी दादा एक चित्र काढायचा. नळ, भोंगा, सुई, पट्टी. ती धाकट्यासाठी. धाकटा चौथीत शाळेतून जो पळाला तो परत गेला नाही. काठ्या पोचवायचं काम त्याचं, आणि नावं वाचायला त्याला घाम फुटायचा. पार्सलच्या गोदामात तो ओझी उचलायचा, पगाराच्या कागदावर अंगठा द्यायचा. सगळे त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. दादाच्या डाव्या अंगठ्याचं टोक कारखान्यातल्या करवतीने उडवलेलं होतं, वरून सपाट, छाटल्यासारखं. बसवाले अण्णा म्हणायचे, “काय जोडी आहे! धाकटा अंगठा कागदाला देतो, थोरल्याने करवतीला दिला.”

धाकटा डोक्याने गरम. आधी बोलायचा, मग विचार करायचा, मग रडायचा. अंगाने मात्र उंच, ताडमाड. दादा ठेंगणा. नवखी माणसं धाकट्यालाच थोरला समजायची. पण धाकटा रस्त्याने चालताना दादाच्या अर्धं पाऊल मागे चालायचा, लहानपणापासूनची सवय.

उन्हाळा सरता सरता दादाचे पाय दगा द्यायला लागले. आधी पायऱ्यांवर, मग सपाटीवर. चालताना तो भिंतीला हलकेच बोटं लावायचा, धूळ पुसतोय असं दाखवून. धाकट्याच्या लक्षात आलं नाही. मावशींच्या आलं. शिवणाऱ्या बाईची नजर, कुठे धागा सैल पडला ते तिला लगेच दिसतं. त्यांनी दादाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पायातली ताकद हळूहळू जात राहील, आजपासून काठी वापरा, निदान घरात तरी.

“धाकट्याला सांगू नका,” दादा मावशींना म्हणाला. “तो घर डोक्यावर घेईल. मीच सांगतो सवडीने.”

सवड कसली! माणसं म्हणतात सवड, मनात असते भीती.

एका दुपारी धाकटा कामावर असताना दादाने पट्ट्यांच्या ढिगातून मला काढलं. गाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “चल, नापास नापास एकत्र.” मग तो चौकटीला पाठ लावून उभा राहिला. पण रेघ कोण ओढणार? पेन्सील धरून वाकावं तर मनगट हलतं. त्याने डावा अंगठा पॉलिशच्या वाटीत बुडवला, ताठ उभ्यानेच हात आडवा नेऊन उजव्या मनगटापाशी चौकटीवर टेकवला. रेघ नाही, चित्र नाही. फक्त एक तपकिरी डाग. तीस इंचांवर.

मला त्याने तेवढंच कापलं, घासलं, खाली रबरी बूट घातला. टाच लावली नाही, कारण मला घराबाहेर जायचंच नव्हतं. खाटेपासून नळापर्यंत, नळापासून बाकापर्यंत, अनवाणी पायांच्या जोडीने. मूठही कोरली नाही. जुन्या निळ्या पँटच्या कापडाची पट्टी मावशींनी वरच्या टोकाला शिवून दिली, तेवढीच. दुसऱ्यांसाठी नळ, भोंगे, सुया करणाऱ्याला स्वतःसाठी काही सुचलं नाही.

चार दिवस मी त्याच्या हातात होते. चारच. पाचव्या दिवशी धाकटा कामावरून लवकर आला. दादा मला टेकत नळापाशी निघाला होता.

धाकटा दारातच थिजला. मग नेहमीसारखं, आधी बोलला. “ए! हे काय? टाक ती! म्हातारा झालास काय तू?”

“अरे, तपासत होतो.”

“तपासू नकोस. तुझ्या हातात पुन्हा काठी दिसली ना दादा, तर मोडून दोन तुकडे करीन. सांगून ठेवतो.”

तो हे रागाने बोलला नाही. आवाज चढला होता, पण त्यात भीती होती. मला काठी असून कळलं. दादालाही कळलं असणार, कारण तो हसला. “गिऱ्हाइकाची आहे रे.”

“कोणत्या गिऱ्हाइकाची?”

“आहे एक. हट्टी आहे. थंडी पडायच्या आत द्यायचीय त्याला.”

आणि त्याने मला पडवीत फळ्यांच्या मागे उभी केली.

वीस दिवसांनी, सकाळी, धाकटा कामावर गेल्यावर दादा चहाची किटली घेऊन खोलीतून पडवीत यायला निघाला. एका हातात किटली, दुसरा हात भिंतीला. उंबऱ्यापाशी भिंत संपते. पाय उचललाच नाही गेला. डोकं बाकाच्या कोपऱ्यावर बसलं.

मी दोन हातांवर होते. फळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, नव्या रबरी बुटासह. लाकडाला धावता येत नाही.

तीन दिवस दवाखान्यात, आणि चौथ्या दिवशी दादा नव्हता.

पुढचे पंधरा दिवस धाकटा पडवीत आला नाही. मग घरमालकीण सांगून गेली, महिनाअखेर जागा रिकामी करून, चौकटी रंगवून द्या. घरून आईचा फोन रोजचाच होता. “ये रे बाळा आता. तू तरी ये.” धाकट्याने तिकीट काढलं, आणि सामान आवरायला फळ्या हलवल्या, तर मी.

“ही कोणाची?”

पडवीत कोणी नव्हतं. तो मलाच विचारत होता. मग चौकटीशी गेला, बोट लावून एकेक चित्र मोजलं. तेवीस रेघा, तेवीस काठ्या, सगळ्या त्यानेच पोचवलेल्या. माझी रेघ नव्हती. तो तपकिरी डाग त्याने पाहिला, पण डागांची काय कमी होती त्या चौकटीवर?

“आहे एक, हट्टी आहे,” तो स्वतःशीच म्हणाला. “थंडी पडायच्या आत.” बाहेर थंडी पडलीच होती. दव गोठायला लागलं होतं. कोणीतरी आपलं माणूस त्या उतारावर बिनकाठीचं चालतंय आणि दादाचा शब्द उघड्यावर पडलाय, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. मला काखेत मारून तो निघाला. जायला आठ दिवस होते.

आधी मावशींकडे, कारण मुठीवरची शिवण त्याने ओळखली.

“मावशी, हे कापड तुम्ही शिवलंय. कोणासाठी?”

मावशींनी मला पाहिलं. मशीन चालूच ठेवलं. “माझ्याकडे पन्नास माणसं येतात रे. प्रत्येकाचं कुठवर लक्षात ठेवू?”

“आठवा ना.”

“आठवत नाही म्हटलं ना! चहा घेशील?” आणि सुई त्यांच्या बोटात गेली. पन्नास वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईच्या बोटात. रक्ताचा थेंब चोखत त्या स्वयंपाकघरात गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या.

मग बसवाले अण्णा. धाकट्याने त्यांना त्यांच्याच दाराला पाठ लावून उभं केलं.

“अरे, मी काय बोकड आहे, मापं घेतोस ते?”

“हलू नका अण्णा.” मी त्यांच्या मनगटापर्यंत पोचले नाही. धाकट्याने मनातल्या मनात दोन बोटांची टाच लावून पाहिली. तरी पोचले नाही.

अण्णा हसायला लागले. “माझी कसली? ही कुणा ठेंगूची आहे. एवढा ठेंगू आपल्यात कोण? एक तर तो…”

आणि थांबले. धाकट्याकडे बघत राहिले. 

“कोण अण्णा? बोला ना.”

अण्णांनी काठीचा भोंगा दाबला. पों. पुन्हा दाबला. पों. “हा बिघडलाय बघ जरासा,” म्हणाले. भोंगा चांगला ठणठणीत होता.

गणिताच्या बाईंनी मला टेबलावर आडवी ठेवली आणि आपली खुणांची काठी शेजारी लावली. “तीस इंच. मनगट साधारण माणसाच्या निम्म्यावर येतं. तीस दुणे साठ, वर एखाददोन. पाच फूट दोन. टाच धरायची नाही, टाच नाहीच आहे हिला. म्हणजे घरातली काठी. तू उगाच टाच धरून मापं घेत फिरतोयस. शाळेत बसला असतास तर…”

बोलता बोलता त्यांचा खडू थांबला. जुन्या सवयीने त्या घरातही खडू बाळगायच्या.

“धाकट्या, तुझा दादा किती उंच होता रे?”

“दादा?” धाकट्याने हात आपल्या डोक्याच्याही वर नेला. विचार न करता नेला. “दादा पुष्कळ उंच होता, बाई.”

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

“माझं गणित चुकलं असेल,” त्या म्हणाल्या. “वय झालं आता.”

असं घराघरांत झालं. मी काखेत असायचे, सगळं ऐकायचे. माणसं एकमेकांना काही सांगत नव्हती, ठरवतही नव्हती. एकेकाला आपापलं कळत होतं, आणि प्रत्येक जण आपापल्या घरात गप्प होत होता. पोराला पाणी देत होते, चहा देत होते, पाठीवर हात फिरवत होते. उत्तर तेवढं देत नव्हते. आणि तो समजत होता की कोणाला दादाची पर्वाच नाही.

सुट्टीच्या सकाळी सगळी म्हातारी माणसं आपल्या लोकांच्या मंडळाच्या खोलीत जमत. चार दगडी पायऱ्या चढून एक लांबट खोली, भिंतीला खुर्च्या, कोपऱ्यात छत्र्या ठेवायचं पत्र्याचं भांडं. धाकटा मधोमध उभा राहिला आणि मला उंच धरलं.

“शेवटचं विचारतो. चार दिवसांनी मी जातोय. ही कोणाची?”

कोणी खाकरलं. कोणी खिडकीबाहेर बघितलं.

“लाजताय काय? दादाने केलीय, चोरीची नाही! तो शब्द देऊन गेलाय!”

मग त्याचा तोल गेला. “तुम्हाला दादाचं काही नकोच ना? मग सगळ्याच द्या परत! मी नेतो घरी!” आणि जवळ उभ्या असलेल्या नळवाल्या आजोबांच्या हातातली काठी त्याने हिसकावली.

आजोबा जागचे हलले नाहीत. हात तसाच पुढे, बोटं अजून मुठीभोवती वळलेली.

“ने बाबा,” ते शांतपणे म्हणाले. “तुझ्या भावाची आहे. पण आधी मला खुर्चीपर्यंत नेऊन सोड.”

धाकटा बघत राहिला. दोन पावलांवर खुर्ची होती. आजोबांना ती दोन पावलं टाकता येत नव्हती. दादा गेल्यापासून पहिल्यांदा त्याने दुसऱ्या कोणाकडे नीट बघितलं असावं. त्याने आजोबांच्या हातात नळाची मूठ परत दिली, बोटं एकेक करून मिटवली. देताना काठीचा पाय त्याला दिसला. रबरी बूट झिजून लाकूड बाहेर आलं होतं.

“हे असं कधीपासून?”

“तुझा दादा बदलायचा दर दोन महिन्यांनी. आता कोण बदलणार?”

धाकट्याने सगळ्या काठ्यांकडे पाहिलं. सगळ्यांचे बूट झिजलेले. बाहेर काच झालेला उतार. तो मला घेऊन पायऱ्या उतरला, आणि उतरताना पहिल्यांदाच मला टेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चौकट रंगवायला घेतली. आधी ओल्या फडक्याने पुसायला लागला. चित्रं पुसताना हात जड होत होता, तरी पुसली. नळ गेला, सुई गेली. मग तो तपकिरी डाग. पेन्सील पुसली जाते, पॉलिश जात नाही. त्याने नखाने खरवडलं. गेलं नाही. मग जवळ जाऊन पाहिलं. डागात बारीक वळणं होती. अंगठा.

अंगठ्याचे ठसे धाकट्याइतके कोणाला ओळखता येणार? आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. हा त्याचा नव्हता. हा वरून सपाट होता, छाटल्यासारखा.

त्याने मला आणलं आणि चौकटीला लावली. माझं टोक आणि तो डाग. बरोब्बर.

तो उंबऱ्यावरच बसला. मग त्याने मला गुडघ्यावर आडवी घेतली, दोन्ही टोकं धरली आणि जोर लावला. मला वाटलं, बोलल्याप्रमाणे करतोय. मी वाकले, गाठीपाशी करकरले. मोडले नाही. खोक्यांचं लाकूड चिवट असतं. की त्यानेच जोर सोडला, कोण जाणे.

मग तो उठला. बूट काढले, मोजे काढले. मला हातात घेतलं, पण मी त्याला फारच आखूड. तेव्हा त्याने गुडघे वाकवले. वाकवत वाकवत इतका खाली आला की त्याचं मनगट माझ्या निळ्या पट्टीवर नीट टेकलं. दादाच्या उंचीवर. आणि तसा, अर्धवट बसल्यासारखा, तो चालायला लागला. खाटेपासून नळापर्यंत. नळापासून बाकापर्यंत. उंबऱ्यापाशी त्याने आधी मला पलीकडे टेकवलं, मग एक पाय, मग दुसरा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मांड्या थरथरत होत्या. “असा पाय टाकायचा होतास रे,” तो म्हणत होता. “असा. मी मोडली नसती रे दादा. मी नुसतं बोललो होतो.”

मला खूप सांगायचं होतं. दादा तुला हसला होता, रागावला नव्हता, हे तरी. पण मी काठी.

चौकट त्याने रंगवली. तो अंगठ्याएवढा डाग सोडून. घरमालकिणीने बोट दाखवलं, “इथे रंग राहिला.” तो म्हणाला, “राहू द्या.” त्याच्या तोंडाकडे बघून तिने बोट मागे घेतलं.

उरलेले दोन दिवस तो दादाच्या बाकाशी बसला. त्याला कोरायचं कसब नव्हतं. दोनदा हात कापून घेतला. पण त्याने मला टाच लावली, पितळेचं कडं बसवलं, आणि निळ्या पट्टीच्या वर एक आडवी मूठ. अंगठ्याची. जाडजूड, ओबडधोबड, एक बाजू तासून तासून जरा बारीक झालेली, टोकाला सपाट. हसू येईल अशीच आहे. यावं. दादाच्या काठ्यांना बघून हसू आलंच पाहिजे.

मूठ आणि टाच मिळून मी चार बोटं वाढले. आता मी दादाच्या मापाची राहिले नाही, कोणाही मध्यम माणसाच्या मापाची झाले. याचं वाईट वाटतं का? वाटतं. पण फळ्यांच्या मागे उभं राहण्यापेक्षा हे बरं.

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कोणी चालताना भिंतीला बोटं लावत असेल, तर ते धूळ पुसत नाहीत. त्यांना हसा, चिडवा, पण काठी फळ्यांमागे लपवायची पाळी आणू नका. आणि ज्यांना काठी लागते त्यांनो, समोरचा ओरडला तरी सांगून टाका. ओरडणारा नंतर रडतो, आणि त्याला तसं रडायला लावणं बरं नाही. मला एवढंच म्हणायचं होतं.

जायच्या दिवशी सकाळी धाकटा दादाचा पत्र्याचा डबा घेऊन मंडळाच्या खोलीत आला. डब्यात रबरी बूट होते. त्याने खाली बसकण मारली आणि एकेक काठी पुढ्यात घेतली. भोंगा, सुई, पट्टी, नळ. जुना बूट उपसायचा, टाच पुसायची, नवा बूट ठोकून बसवायचा, जमिनीवर दोनदा आपटून बघायचा. तेवीस काठ्या. मावशी एकदा म्हणाल्या, “धाकट्या, मला माहीत होतं रे.” तो मान वर न करता म्हणाला, “हं. पाय उचला मावशी, काठी अडकलीय.” आणि उरलेले बूट डब्यासकट त्याने अण्णांच्या मांडीवर ठेवले. “दर दोन महिन्यांनी. विसरलात तर येऊन भोंगा काढून नेईन.”

अण्णांनी मान हलवली. भोंगा वाजवला नाही.

मग त्याने मला उचललं. पायऱ्यांच्या तोंडाशी, दाराबाहेरच्या कोपऱ्यात छत्र्यांचं भांडं आणून ठेवलं आणि त्यात मला उभी केली. ज्याला उतरताना लागेल त्याने घ्यावी, परत येताना ठेवावी, असं आतल्या लोकांना सांगितलं. पिशवी खांद्याला लावून तो तीन पायऱ्या उतरला. थांबला. परत वर आला, वाकला, माझा बूट हाताने एकदा पिळून पाहिला, घट्ट बसलाय ना ते.